शेवटच्या फटफटीवरचे नाना

रंगनाथ नानांच्या पुढं जाणं फार सोपं होतं. त्यांच्या मागं राहणं मात्र कुणाला कधी जमलं नाही.

एसटीची रांग असो, देवळाची बारी असो, लग्नाची पंगत असो, नाना शेवटी. एकदा आम्ही दूध संघातले सगळे तुळजापूरला दर्शनाला गेलो. नाना बारीत उभे राहिले आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला "तुमी व्हा म्होरं, म्या हाय" म्हणत राहिले. आम्ही दर्शन घेऊन, चहा पिऊन, कुंकवाच्या पुड्या बांधून परत आलो, तर नाना सकाळी उभे होते तिथून चार हात मागं सरकलेले.

"नाना, दर्शन?"

"कळसाला केलं की हितूनच. देवीला काय, आपण कुठूनबी दिसतो."

पंगतीत वाढपी त्यांच्यापर्यंत पोचायचा तोवर बुंदी संपलेली असायची. नानांच्या पानात रस्सा पडायचा आणि वाढप्याचं ओशाळं हसू. संघाच्या पहिल्या वर्धापनदिनाचा फोटो अजून माझ्याकडं आहे. चेअरमन, डायरेक्टर, हार, म्हैस, सगळं आलंय त्यात. अगदी डाव्या कडेला एक कोपर दिसतं. ते नाना.

मी सांगतोय त्या काळात ते वयानं छत्तीसचे. पण घरात चार धाकटी भावंडं, बाप लवकर गेलेला, त्यामुळं मिसरूड फुटायच्या आधीच त्यांचा 'नाना' झाला होता. लग्नाचं काढलं की म्हणायचे, "धाकट्यांचं उरकू द्या." धाकट्यांचं उरकलं, त्यांच्या पोरांची जावळं निघाली, आणि नाना उस्मानाबादेत संघाच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होते. एक खाट, एक स्टोव्ह आणि दारात फटफटी.

हे सगळं मी आजवर पुष्कळ मैफिलींत रंगवून सांगितलंय आणि लोकांना हसवलंय. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही, कारण तिच्यात मी आहे. वयाची पन्नाशी उलटली, आता सांगून टाकतो.

आम्ही दूध संघाचे सुपरवायझर. पाच जण, पाच फटफट्या. बहात्तरच्या दुष्काळानंतर जिल्ह्यात गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या होत्या. पावसाचा भरवसा कुणाला उरला नव्हता, म्हशीचा थोडा होता. सोसायट्या फिरायच्या, दुधाची फॅट तपासायची, सेक्रेटरी आणि चेअरमन यांचा अबोला सोडवायचा, हे आमचं काम. रस्ते बहुतेक दुष्काळी कामावरचे. लोकांनी हातोड्यानं फोडलेली खडी, वर मुरमाचा हात फिरवलेला. डांबर मंजूर झालं होतं. ते वाटेत आहे असं आम्ही सात वर्षं ऐकत होतो.

महिन्यातून एकदा पाचही फटफट्यांचा एकत्र दौरा निघायचा. सगळ्यांत पुढं साहेबराव, कारण ते सीनियर आणि गॉगल फक्त त्यांच्याकडं. मग गायकवाड, मग काझी, मग मी, आणि शेवटी अर्थातच नाना. खडीच्या रस्त्यावर शेवटचा असणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. चार फटफट्यांचा फुफाटा पाचव्याच्या नाकातोंडात. नाना तोंडाला टॉवेल गुंडाळायचे, फक्त डोळे उघडे. मुक्कामाला पोचले की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. भुवया पांढऱ्या, कान पांढरे.

"नाना," काझी म्हणायचा, "अर्धा तालुका अंगावर घेऊन आलात."

"असू दे रं. रस्ता सरकारचा हाय, धूळ तेवढी आपली."

फुफाट्यामुळं दोन गाड्यांत फर्लांगभर अंतर ठेवावं लागायचं, आणि मागचं काही म्हणता काही दिसायचं नाही. यावर नानांनी हॉर्नची पद्धत काढली होती. मैलाचा दगड आला की शेवटच्यानं हॉर्न द्यायचा. एक म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे सामान पडलं. तीन म्हणजे माणूस पडलं. मागच्याचा ऐकला की चौथ्यानं तोच पुढं द्यायचा, मग तिसऱ्यानं, असा तो साहेबरावांपर्यंत जायचा. हे सगळं नानांनी तक्त्यावर लिहून ऑफिसच्या भिंतीला लावलं होतं, फॅटच्या तक्त्याशेजारी. एका वाडीत कोंबड्यानं मधेच दोनदा बांग दिली, ती साहेबरावांनी 'सामान पडलं' अशी धरली, आणि पाच माणसं अर्धा तास खडीत न पडलेलं सामान शोधत होती.

पण एका बाबतीत नाना मस्करी खपवून घ्यायचे नाहीत. "मागनं हॉर्न आला न्हाय, तर म्होरं द्यायचा न्हाय. थांबायचं. वळायचं. बघून यायचं. कळलं का सुभ्या?"

सुभ्या म्हणजे मी, सुभाष. चौथा. नानांच्या पुढचा. म्हणजे नानांचा हॉर्न ऐकायची जबाबदारी जगात एकट्या माझी.

तर नानांसाठी स्थळ आलं. आणलं साहेबरावांनी. बेंबळीच्या पलीकडं चिंचवाडी म्हणून गाव, तिथले आबा, आणि त्यांची मुलगी शालन. बालवाडीत शिकवायची. दोन स्थळं तिनंच नाकारली होती, त्यामुळं आबा जरा टेकीला आलेले. "मुलगी बोलकी आहे," साहेबराव म्हणाले, "पण आपले नाना कुठं बोलतात. जमून जाईल."

नानांची तयारी आठवडाभर चालली. पांढरा शुभ्र सदरा शिवला. खडीच्या रस्त्यावर पांढरा सदरा! तो वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा आणि गावाच्या अलीकडं बदलायचा, असं ठरलं. मग त्यांनी काझीला गाठलं.

"मुलीला काय इचारायचं असतं रं?"

"नाव विचारायचं."

"नाव तर ठाव हाय. शालन."

"तरी विचारायचं नाना. पद्धत असते."

त्या दिवशी नाना दुधाच्या बाटल्या हलवता हलवता "नाव काय तुमचं, नाव काय तुमचं" असं पुटपुटत होते. एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं घाबरून आपलं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि गाव सांगून टाकलं.

आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. स्टोव्हवर चहा ठेवलेला. नाना पंप मारता मारता थांबले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्या खेपंला व्हय म्हणली तर बरं व्हईल रं सुभ्या. एकट्या माणसाला स्टोव्हचा आवाज लई मोठा येतो."

एवढंच. मग पुन्हा पंप मारायला लागले.

रविवारी सकाळी पाच फटफट्या निघाल्या. आम्ही सगळ्यांनी गलका केला, "आज नवरदेव पुढं!" साहेबराव तर आपला गॉगल द्यायला तयार झाले. नाना ऐकतात कशाला. "नवरदेव असंल तिकडं गेल्यावर. फटफटीवर म्या शेवटचाच. व्हा म्होरं."

बेंबळीत चहा झाला. तिथून पुढं नुसती खडी. त्या साली पुन्हा पाऊस हुकला होता. माळ भाजून निघालेला, विहिरींच्या तळाशी लोक वाटीनं पाणी भरत होते. पहिल्या मैलाच्या दगडाला मागून नानांचा हॉर्न आला. एक. मी पुढं दिला. दुसऱ्यालाही आला.

तिसऱ्याला आला नाही.

तिथं एक उतार आहे, मग खडीच्या खाणीला वळसा. मी वेग कमी केला. मागं नुसता माझाच फुफाटा. थांबलो नाही. मनात म्हटलं, नाना सदरा बदलत असतील. गाव अजून तीन मैल होतं, इतक्या लवकर कशाला बदलतील, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझी टेरिलीनची पँट नवी होती. केसाला तेल लावून भांग पाडलेला होता. वळून मागं जायचं म्हणजे आपलीच धूळ आपण खायची, आणि परत येऊन तीच पुन्हा. वय पंचवीस. दुसऱ्याचं लग्न ठरणार असलं तरी आपला भांग मोडू नये असं वाटायचं वय.

पुढून काझीचा हॉर्न आला. म्हणजे विचारणा, काय रे, मागचं काय?

मी अंगठा दाबला. एक.

काझीनं पुढं दिला, गायकवाडनं दिला, साहेबरावांनी शेवटचा लांबलचक दिला. त्या मोकळ्या माळावर चार हॉर्न ओळीनं वाजले. सगळं ठीक.

चिंचवाडीत आबांच्या अंगणात पाण्यानं भरलेल्या पाच बादल्या मांडल्या होत्या. टँकरवर जगणारं गाव, आणि पाव्हण्यांच्या पायासाठी पाच बादल्या! साहेबरावांनी आम्हाला डोळ्यांनी दटावलं. आम्ही चौघांनी एकाच बादलीतून तांब्या तांब्या घेतला. मधली बादली पितळी, घासून लखलखीत. ती नवरदेवाची. तिला कुणी हात लावला नाही.

बैठक झाली. चुरमुऱ्यांची सुशीला आली, चहा आला. नाना आले नाहीत.

"येतीलच," साहेबराव म्हणाले. "आत्ता तर हॉर्न आला मागून. काय सुभाष?"

मी मान हलवली.

अर्धा तास गेला. साहेबरावांनी तेच वाक्य तीनदा म्हटलं, आणि मी तीनदा मान हलवली. "मी बघून येतो," एवढं म्हणायचं होतं. आधी लाजेनं म्हटलं नाही. मग भीती वाटली की काझी विचारेल, मग हॉर्न कसला दिलास? आणि त्यानंतर ते म्हणायची वेळच निघून गेली. काझी दोनदा उठला, दोनदा साहेबरावांनी त्याला बसवलं. "अरे हॉर्न आलाय म्हटल्यावर नाना कुठं जातायत?" नानांच्या पद्धतीवर आमचा एवढा विश्वास!

दुपारनंतर अमावास्या लागत होती. आबा अस्वस्थ झाले. घरात तयार होऊन बसलेली मुलगी न बघता पाव्हणे उठले असते तर गावात शोभा झाली असती. शेवटी साहेबरावच म्हणाले, "मुलीला तर बोलवा. आम्ही घरचेच आहोत."

शालन बाहेर आली. अंजिरी रंगाचं लुगडं, हातात पानसुपारीचं तबक. पाटावर बसली. साहेबरावांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. मग मान वर करून म्हणाली, "मला एक इचारायचंय."

आबांनी कपाळाला हात लावला. साहेबराव म्हणाले, "विचार की बाळ."

"पाच फटफट्या येणार व्हत्या. चारच आल्या. मागं कुणी बघायला गेलं का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मी चौथा.

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो. "हॉर्न आला होता."

"पडले-बिडले नसतील ना?"

"नाही नाही."

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

मग आबा बोलले. "सोताच्या कार्याला ज्याला येळंवर यायला जमंना, त्याच्या गळ्यात पोर कशी बांधावी साहेबराव?" आबांची नजर माझ्या भांगावरून, टेरिलीनच्या पँटवरून फिरत आली. "ह्यो पोरगा कुणाचा?"

साहेबरावांना रिकाम्या हातानं परत जायचं नव्हतं. त्यांनी पाच मिनिटांत माझं कळंबचं घर, वडील, जमीन, मामाचं कूळ, सगळं सांगितलं. सोयरपण जुळत होतं. मी "नाही" म्हणालो नाही. खरं सांगायचं तर ती मला आवडली होती.

दीड तासानं नाना आले. फटफटी ढकलत. हँडल वाकडं, पँट उजव्या गुडघ्यावर फाटलेली, रक्त मुरमात वाळलेलं, आणि अंगात तो पांढरा शुभ्र सदरा. ठरल्याप्रमाणं गावाच्या अलीकडं बदलला असणार. त्याची घडी अजून मोडली नव्हती.

त्यांनी दारातून बैठक पाहिली. मधोमध मी, माझ्यासमोर दुसऱ्यांदा भरलेली बशी, माझ्याकडं वळून बसलेले आबा. वीस वर्षं पंगतीच्या शेवटी बसणाऱ्या माणसाला पान कुणासाठी मांडलंय ते लगेच कळतं.

"लई उशीर केला पाव्हणं," आबा म्हणाले. "आमी ह्या पोराचा इचार करतोय."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार. हॉर्न कुणी दिला रं?

"चांगला हाय," नाना म्हणाले. "फॅट मापताना लबाडी करत न्हाय. म्या लिहून देतो."

आबांनी पितळी बादलीकडं हात केला. नानांनी तिच्यातलं ओंजळभर पाणीही घेतलं नाही. "म्हशीला दावा. माझं पाय काय, परत जाताना पुन्यांदा मळणारच हायती." मग पायरीवर बसून त्यांनी गार झालेली सुशीला खाल्ली आणि दोनदा चांगली झालीय म्हणाले.

पुढच्या रविवारी ते स्वतः कळंबला माझ्या वडिलांकडं गेले आणि सगळं ठरवून आले. लग्नात माझ्या बाजूनं थोरल्या भावासारखे राबले. सगळ्यात शेवटी जेवले. बुंदी अर्थातच संपली होती.

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. रस्त्यावर डांबर आलं, संघ मोडला, साहेबराव वारले. नानांनी लग्न केलं नाही. "ऱ्हायलं," म्हणतात. दर दिवाळीला आमच्याकडं येतात, आमच्या मुलांना खेळवलं, आता त्यांच्या मुलांना खेळवतात. शालननं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मी तर नाहीच नाही.

या दिवाळीत मात्र सकाळी ओट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. शालन आत भाकरी करत होती. काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम म्हणालो, "नाना, त्या दिवशी मागून तुमचा हॉर्न आला नव्हता. तरी मी पुढं दिला."

नानांनी चहाची बशी तोंडाला लावली होती. ती पूर्ण संपवली. "ठाव हाय," म्हणाले. "ऐकला की म्या."

"ऐकला?"

"खाणीच्या वळणाला घसरलो. पडताना हॉर्नची वायर तुटली. अंगावर फटफटी, आन् म्होरनं तुमचं हॉर्न आलं, एकामागं एक, चार. हसू आलं मला. म्हटलं, हितं आपण पालथं पडलोय, आन् म्होरं समद्यांना कळलंय आपलं बरं चाललंय म्हणून." नाना खरोखरच हसले. मग बशी खाली ठेवली. "जरा वेळ तसाच पडून ऱ्हायलो. वाटलं, येईल कुणीतरी. चार माणसं हायती, एखाद्याला तरी वाटंल. मग ऊन वाढलं, उठलो."

"मला कधी बोलला का नाहीत?"

"तुला बोलून काय? पंचवीस वर्साचं पोरगं तू. बाकी कुणी इचारलंच न्हवतं, तर तुला एकट्याला काय म्हणायचं."

मग मला उरलेलंही सांगावं लागलं. "विचारलं होतं नाना. एकीनं." शालनचा तो प्रश्न मी जसाच्या तसा सांगितला. पाच येणार होत्या, चारच आल्या, मागं कुणी बघायला गेलं का. पडले-बिडले नसतील ना. आणि माझं उत्तरही सांगितलं.

अंगणात नातू फुलबाज्यांच्या तारा गोळा करत होता, त्याच्याकडं नाना बघत राहिले. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"शालनबाई."

"काय हो नाना?"

"पडलो व्हतो म्या त्या दिवशी."

भाकरीची थपथप थांबली. कुठला दिवस, हे तिनं विचारलं नाही.

"दिसलं व्हतं मला," ती म्हणाली. "दाराआडनं. गुडघा कंचा?"

"उजवा."

"अजून दुखतो?"

"थंडीत. जरासा."

"मग इतकी वर्सं बोलायला काय झालं व्हतं?"

"तुमी इचारलं व्हतं, हे आज कळलं."

आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. "बसा हितं, चुलीजवळ. ऊब बरी वाटंल." आणि मग तिनं मला हाक मारली, नेहमीच्याच आवाजात, "अहो, फडताळातली तिळाच्या तेलाची बाटली द्या हिकडं."

मी उठलो. बाटली समोरच होती. तरी ती सापडायला मला बराच वेळ लागला.